शाळेच्या अंकातील थट्टा आणि युद्ध

१/ शालेय नियतकालिके म्हणजे पोरकट मजकूर, हा समज इतिहासाच्या अभ्यासकांतही रूढ आहे. तो सोडून द्यावा. शिकागोजवळील ओक पार्कच्या हायस्कूलचे उदाहरण पुरेसे आहे.

२/ १९१६-१७ मध्ये तेथील ‘ट्रॅपीझ’ या विद्यार्थी-वृत्तपत्रात एक मुलगा रिंग लार्डनर या लोकप्रिय विनोदकाराच्या धाटणीने, मुद्दाम अशुद्ध भाषेत, शाळेतील घडामोडींची थट्टा करीत असे. ‘टॅब्युला’ या नियतकालिकात त्याच्या कथाही आल्या. मुलाचे नाव अर्नेस्ट हेमिंग्वे.

३/ एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली. जूनमध्ये त्याचे शालेय शिक्षण संपले. पुढे रेडक्रॉसच्या रुग्णवाहिका पथकातून तो इटलीत गेला आणि ८ जुलै १९१८ रोजी जखमी झाला. मार्च १९१९ मध्ये त्याच शाळेत व्याख्यान देताना त्याने भोके पडलेली आपली विजार विद्यार्थ्यांना दाखविली. वृत्तान्त ‘ट्रॅपीझ’नेच छापला. कालचा थट्टेखोर लेखक आता माजी विद्यार्थ्यांच्या वार्तेचा विषय झाला होता.

४/ दोन वर्षांतील हे स्थित्यंतर तहनाम्यांत सापडत नाही. हेमिंग्वेवर ग्रंथ पुष्कळ आहेत. त्याच्या शेजारच्या बाकावरील मुलांचे हसणे मात्र बहुधा याच पानांत उरले आहे. म्हणून जुने शालेय अंक रद्दीत जाण्यापूर्वी वाचले आणि जपले पाहिजेत.