120 दिवसांची उधारी

लिव्हरपूलला एमएस्सी करत होतो तेव्हा विद्यापीठाच्या वाटेवर एक मोठी इमारत लागायची. शहराचं नवं रॉयल रुग्णालय. 2017 मध्ये ते सुरू व्हायचं होतं. पण बांधणारी कॅरिलियन कंपनी 15 जानेवारी 2018 ला बुडाली आणि काम थांबलं. मी तिथे पोचलो त्या सप्टेंबरात इमारत बाहेरून जवळजवळ पूर्ण दिसायची. आत एकही रुग्ण नव्हता.

आर्थिक पत्रकांच्या विश्लेषणाच्या पहिल्याच तासाला बाईंनी आमच्यापुढे याच कंपनीचा 2016 चा वार्षिक अहवाल ठेवला. म्हणाल्या, अध्यक्षांचं निवेदन आज कुणी उघडायचं नाही. आधी टिपा वाचा, मग रोख प्रवाह, मग ताळेबंद. नफा सगळ्यात शेवटी.

मी बी.कॉम. झालेलो. ताळेबंद जुळवायला शिकलो होतो. दोन्ही बाजू जुळल्या की गुण मिळायचे. जुळलेला ताळेबंद वाचायचा कसा, हे मात्र मला कुणी विचारलंच नव्हतं.

अहवालात विक्री 520 कोटी पौंडांची. नफा होता, लाभांशही वाढवलेला. मालमत्तेच्या बाजूला 157 कोटी पौंडांची गुडविल होती, म्हणजे दुसऱ्या कंपन्या विकत घेताना त्यांच्या निव्वळ मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेली किंमत. भागधारकांचं भांडवल, राखीव निधी सगळं धरून 73 कोटी. बाई म्हणाल्या, गुडविलवर पेन्सिलीने काट मारा. मारली. उरलं उणे 84 कोटी. वर्ग गप्प झाला.

मग रोकड. 2012 ते 2016 या पाच वर्षांत प्रत्यक्ष धंद्यातून हाती आलेली रोकड साधारण 16 कोटी पौंड आणि वाटलेला लाभांश जवळपास 38 कोटी. मधले पैसे आले कुठून? थोडं उत्तर कर्जाच्या रकान्यात होतं. उरलेलं ब्रिटिश संसदेच्या समित्यांनी मे 2018 मध्ये दिलेल्या अहवालात सापडलं. पुरवठादारांची बिलं चुकती करायला कंपनीने 120 दिवसांची मुदत ठेवली होती. पैसे लवकर हवे असतील तर बिलातली काही रक्कम सोडायची.

त्या रात्री मी घरी फोन केला. अण्णांचं कराडला सिमेंट-सळईचं दुकान आहे. ठेकेदारांची उधारी त्यांच्या वहीत वर्षानुवर्षं बघत आलो होतो. 120 दिवसांचं सांगितलं तर ते म्हणाले, ‘‘चार महिने? मग धंदा त्याचा आणि भांडवल आपलं, असंच झालं की रे.’’

आमच्या बाईंना संपूर्ण सत्रात जे शिकवायचं होतं, ते अण्णांनी एका वाक्यात सांगितलं होतं. कंपनी बुडाली तेव्हा तिच्याकडे रोकड होती 2 कोटी 90 लाख पौंड आणि देणी जवळपास 700 कोटी. त्या देण्यांत आमच्यासारखी किती दुकानं असतील, हा विचार तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही. ताळेबंदातला ‘व्यापारी देणी’ हा रकाना मी आता अण्णांच्या बाजूने वाचतो.

परदेशी हा विषय शिकायला निघालेल्या मुलामुलींना म्हणूनच सांगावंसं वाटतं, गुणोत्तरं जरूर पाठ करा, परीक्षेला ती लागतातच. पण प्रत्येक अहवालाला आधी एवढंच विचारा, हा धंदा कोणाच्या पैशावर चाललाय? आकडेच खोटे लिहिले असतील तर वाचणाराही फसतो, हे खरं. कॅरिलियनची गुडविल, तिची रोकड आणि तिचा लाभांश मात्र छापलेले होते. कुणालाही वाचता आले असते.

आपल्याकडे सप्टेंबर हा पतसंस्था आणि सहकारी बँकांच्या वार्षिक सभांचा महिना. अहवाल घरी येतो आणि बहुतेक घरांत तसाच रद्दीत जातो. तो एकदा मागून उघडा. थकबाकी किती, तिच्यासाठी तरतूद किती आणि तरीही लाभांश किती, हे तीन आकडे शेजारी मांडा. आकडे पटले नाहीत तर सभेत उभं राहून विचारा. सभासद म्हणून तो तुमचा हक्क आहे.

लिव्हरपूलच्या त्या इमारतीत रुग्ण आले ते 2022 साली. त्यानंतर एका सप्टेंबरात अण्णांनी त्यांच्या पतसंस्थेच्या अहवालाचा फोटो पाठवला. पान थकबाकीचं होतं आणि एका आकड्याखाली पेन्सिलीची रेघ.