पंखाही मोजूनच घ्या

कोकणात छोट्या मासेमारी होडीसाठी आउटबोर्ड इंजिन घेताना बरीचशी चर्चा हॉर्सपॉवरचीच होते. पंख्याकडे, म्हणजे प्रोपेलरकडे, मात्र दुर्लक्ष होतं. हे थांबायला हवं.

पंख्यावर ‘१० × १२’ असे आकडे असतील, तर व्यास १० इंच आणि पिच १२ इंच. म्हणजे एका फेऱ्यात तो तत्त्वतः १२ इंच पुढे सरकतो. रिकाम्या होडीला मोठा पिच वेग देतो. जाळी, बर्फ, मासळी भरली की तोच इंजिनाला दमवतो आणि पेट्रोल जाळतो.

अशा वेळी पिच एक इंचाने घटवला, की इंजिनाचे मिनिटाला साधारण १५० ते २०० फेरे वाढतात आणि त्याचा ताण हलका होतो.

यामाहाच्या एन्ड्युरोसारखी व्यावसायिक इंजिनं रोज राबण्यासाठीच बनवलेली असतात. पण चुकीचा पंखा त्यांनाही झिजवतो. म्हणून विक्रेत्यांनी भरलेली होडी पूर्ण थ्रॉटलवर चालवून, फेरे मोजूनच पंखा द्यावा.