गहाण ठेवायला दागिने तरी हवेत!

सी. ए. भवानीदेवी कोण, हे आम्ही बारामती-इंदापूरच्या वस्त्यांत पोरापोरींना विचारलं. क्रिकेटवाल्यांची नावं पाठ होती. हे नाव मात्र एकालाही सांगता आलं नाही.

भवानीदेवी चेन्नईची. ऑलिंपिक खेळलेली पहिली भारतीय तलवारबाज. २००४ साली शाळेत खेळ निवडायची वेळ आली तेव्हा बाकी खेळांच्या जागा भरल्या होत्या, म्हणून तिच्या वाट्याला तलवारबाजी आली. विजेवर गुण नोंदवणारी तलवार महाग, म्हणून सराव बांबूच्या काठीने. वडील पुजारी, ऐपत बेताची. आईने दागिने गहाण टाकले. २६ जुलै २०२१ ला टोकियोत तिने ट्युनिशियाच्या नादिया बेन अझीझीला १५-३ ने लोळवलं, पुढच्या फेरीत फ्रान्सच्या ब्रुनेकडून ७-१५ ने हरली आणि देशाची माफी मागितली. माफी कशाची? २०२३ मध्ये वूशीला तिनेच जगज्जेत्या मिसाकी एमुराला हरवून आशियाई कांस्य आणलं.

आता मेरिटवाले म्हणतील, बघा, जिद्द असली की सगळं होतं. तिच्या जिद्दीला आमचा जय भीम. पण मित्रांनो, तिच्या आईकडे गहाण टाकायला काहीतरी होतं! उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्या, एमआयडीसीत रोजंदारीवर जाणाऱ्या आमच्या मायमाउलीकडे काय आहे? सावकार जिद्द ठेवून घेत नाही.

दुसरी गोष्ट माहितीची. राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. ज्यांच्या घरात दोन पिढ्या शिकलेल्या, ते गर्दी नसलेला खेळ हेरून मुलांना सातवी-आठवीतच तिकडे वळवतात. आमच्या पोरीला त्या खेळाचं नावच कुणी सांगत नाही. मग पात्र उमेदवार मिळत नाहीत, हे ऐकवायला सगळे मोकळे! याच पुण्यात बाळू पालवणकर गोऱ्यांना नेटमध्ये गोलंदाजी टाकायचे आणि चहा मात्र वेगळ्या भांड्यात घ्यायचे. आज भांडी एक झाली असतील. मैदानाची किल्ली कुणाच्या खिशात आहे?

तालुका क्रीडा संकुलात तलवारबाजीचं साहित्य आणि प्रशिक्षक मागणं हा आपला हक्क आहे, तो लेखी अर्जाने मागू. पण थोडं आपल्यालाही बोलायचं आहे. जयंतीच्या फ्लेक्सवर तलवारी छापतो, एका रात्रीच्या डीजेवर वर्गणी उधळतो. त्यातल्या निम्म्या पैशात दोन-चार पोरींचे मास्क, जॅकेट, तलवारी येतील. पुढच्या जयंतीच्या बैठकीत आम्ही हा विषय मांडणार आहोत. डीजेवाल्याला आगाऊ रक्कम देण्याआधी ऐकून घ्या.