माईक बंद ठेवून किती दिवस खेळायचं?

एप्रिल 2024 मध्ये पंतप्रधान 7 गेमरना भेटले. त्यात मुलगी एकच, पायल धरे. आपल्या नागपूरला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यातली.

एकच का? मुली खेळत नाहीत म्हणून नाही, मंडळी. व्हॅलोरंट, बीजीएमआय हे टीमचे खेळ. शत्रू कुठंय हे माईकवर सांगावं लागतं. मुलीचा आवाज ऐकला की शिव्या, नाहीतर नंबर मागणं सुरू. मग ती माईक बंद ठेवते, मुलाचं नाव लावते. माईक बंद म्हणजे निम्मा खेळ गेला. वर आपणच म्हणणार, पोरींना जमत नाही!

2023 च्या हांगझोऊ एशियाडमध्ये ई-स्पोर्ट्सला पदकं होती. हा टाइमपास राहिलेला नाही. मुलींना सल्ले नंतर द्या. रात्री हेडफोन लावून बसलेला आपला मुलगा काय बोलतो, ते आधी ऐका.