शुश्रूषा शिकलेल्यांना सोबत कोणाची?

खास प्रतिनिधी

माजी विद्यार्थ्यांचा स्नेहमेळावा म्हटला, की जुन्या आठवणी, एकत्र छायाचित्र आणि भोजन एवढेच चित्र डोळ्यांसमोर येते. स्मृतिभ्रंशाच्या शुश्रूषेचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांच्या मेळाव्याला मात्र निराळे मोल आहे. या विषयाचे अनेक विद्यार्थी नोकरी सांभाळून, दूरशिक्षणाने पदवी मिळवितात. ज्यांच्याबरोबर शिक्षण घेतले, त्यांची प्रत्यक्ष गाठभेट होतेच असे नाही. पदवी घेऊन ते आपल्या रुग्णालयात वा शुश्रूषागृहात परततात, तेव्हा तो विषय शिकलेले तेथे बहुधा ते एकटेच असतात. 'जे शिकलो, ते येथे करता येते का?' हा प्रश्न विचारण्याची हक्काची जागा म्हणजे असा मेळावा. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची संख्या वाढत असताना या प्रश्नाचे उत्तर केवळ पदवीधरांपुरते उरत नाही.

या विद्याशाखेची पायाभरणी प्रामुख्याने ब्रिटनमध्ये झाली. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठात १९८९ साली स्मृतिभ्रंशविषयक सेवांचे केंद्र सुरू झाले. अल्झायमरने ग्रासलेल्या आणि १९९९ मध्ये निधन पावलेल्या कादंबरीकार आयरिस मर्डॉक यांचे नाव तेथील इमारतीला देण्यात आले. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठात टॉम किटवूड यांनी १९९२ साली अभ्यासगट उभा केला. या दोन्ही ठिकाणी पुढे पदव्युत्तर अभ्यासक्रम आकारास आले. रुग्णाची अवस्था केवळ मेंदूतील बिघाडाने ठरत नाही. भोवतालची माणसे त्याच्याशी कशी वागतात, यावरही ती अवलंबून असते, असे प्रतिपादन किटवूड यांनी केले. त्याला लहान मुलासारखे वागविणे, त्याच्यादेखत त्याच्याविषयी तिऱ्हाइतासारखे बोलणे, त्याला झेपणार नाही अशा घाईने सारे उरकणे या गोष्टी द्वेषातून होत नाहीत. तरीही त्या रुग्णाचे माणूसपण हिरावून घेतात, असे त्यांचे म्हणणे होते.

पाच मिनिटांची नोंद

या विचारातून 'डिमेन्शिया केअर मॅपिंग' ही पद्धत जन्मास आली. प्रशिक्षित निरीक्षक शुश्रूषागृहाच्या सामायिक दालनात काही तास बसतो आणि दर पाच मिनिटांनी प्रत्येक रुग्ण काय करतो आहे, प्रसन्न आहे की खिन्न, याची नोंद करतो. नंतर ती नोंद कर्मचाऱ्यांपुढे मांडून सुधारणा ठरविल्या जातात. दोषारोप न करता सवयी बदलणे, हा तिचा हेतू.

कागदावर निर्दोष वाटणारी ही पद्धत प्रत्यक्षात कितपत टिकते, याची मोठी चाचणी इंग्लंडमध्ये घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. ५० शुश्रूषागृहे निवडून त्यांपैकी ३१ ठिकाणी प्रत्येकी दोन कर्मचाऱ्यांना हे प्रशिक्षण देण्यात आले. रुग्णांच्या अस्वस्थतेत लक्षणीय घट काही आढळली नाही. त्याहून बोलकी बाब दुसरीच होती. निरीक्षणाची एकाहून अधिक आवर्तने समाधानकारकरीत्या पूर्ण करणारी गृहे जेमतेम एक चतुर्थांश निघाली. व्यवस्थापनाचा पाठिंबा, मनुष्यबळ आणि वेळ नसेल, तर शिकलेली व्यक्ती फार काही करू शकत नाही, हेच त्यातून दिसले.

प्रशिक्षण संपल्यानंतर

याच्या शेजारी २००६ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास ठेवून पाहावा. बारा शुश्रूषागृहांतील या प्रयोगात निम्म्या ठिकाणी कर्मचाऱ्यांना दहा महिने सलग प्रशिक्षण आणि पाठबळ मिळाले. वर्षअखेरीस तेथील २३ टक्के रुग्ण मनोविकारावरील प्रभावी औषधे घेत होते. अन्य गृहांत हेच प्रमाण ४२ टक्के होते. औषधे कमी केल्याने रुग्णांची अस्वस्थता वाढल्याचे आढळले नाही. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये या औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या फरकाचे महत्त्व ध्यानी येते.

दोन्ही अभ्यासांची पद्धत आणि मोजमापे वेगळी आहेत. त्यांची थेट तुलना करता येणार नाही. तरीही शिकवून मोकळे होणे आणि शिकलेल्याच्या पाठीशी उभे राहणे, यांतील अंतर त्यातून स्पष्ट होते. ब्रिटनमधील 'अॅडमिरल नर्स' या व्यवस्थेने ते ओळखले. स्मृतिभ्रंशाच्या कुटुंबांना आधार देणाऱ्या या विशेष परिचारिकांना ठरावीक पद आहे, तसेच अनुभवी सहकाऱ्यांशी नियमित विचारविनिमयाची सोयही आहे. स्नेहमेळाव्यात वर्षाकाठी एखादवेळ जे घडू शकते, त्याला येथे कामाचाच भाग मानले आहे.

गोव्याचा धडा

भारतात हा प्रश्न अधिक बिकट आहे. देशव्यापी पाहणीवर आधारित, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठीच्या पुढील ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात प्रमाण अधिक आहे. २०३६ पर्यंत ही संख्या १ कोटी ६९ लाखांवर जाईल, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. यांपैकी बहुतेकांची शुश्रूषा घरीच होते आणि तिचा भार पत्नी, लेक वा सुनेवर पडतो. मुंबई-पुण्यात ऐपत असलेली कुटुंबे ब्युरोतून आया किंवा मदतनीस आणतात. त्यांच्या कामाचे तास आणि दर ठरलेले असतात. त्यांना या आजाराविषयी काय शिकविले गेले आहे, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

शिक्षणाचे प्रयत्न येथे झालेच नाहीत, असे नव्हे. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय समाज संरक्षण संस्थेने वृद्धसेवेचा एक वर्षाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालविला. केरळमध्ये १९९२ साली स्थापन झालेल्या 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया'ने कुटुंबीयांचे आणि सेवकांचे प्रशिक्षण हाती घेतले. अडचण पुढची आहे. पदविका घेतलेल्यास त्याच पदनामाने नेमणारे रुग्णालय शोधावे लागते.

या दृष्टीने गोव्यातील प्रयोगाकडे पुन्हा पाहिले पाहिजे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ८१ कुटुंबे सहभागी झाली. दोन पूर्णवेळ गृहसेवा सल्लागारांनी सहा महिने घरोघरी जाऊन आजाराची माहिती दिली, रुग्णाच्या वागण्याला कसे सामोरे जावे हे सांगितले. समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्या पाठीशी होते. शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांचे मानसिक स्वास्थ्य त्यामुळे सुधारल्याचे दिसून आले. हे सल्लागार पदव्युत्तर पदवीधर नव्हते. परंतु अडले तर विचारायचे कोणाला, हे त्यांना ठाऊक होते.

याचा अर्थ पदव्युत्तर शिक्षण निरुपयोगी आहे, असा नाही. सल्लागारांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी असेच जाणकार लागतात. एका पदवीधराने एका वृद्धाश्रमात एकाकी झुंज देण्यापेक्षा दहा आशा कार्यकर्त्यांना आणि पन्नास कुटुंबांना मार्गदर्शन करणे अधिक फलदायी ठरेल. त्यासाठी अभ्यासक्रम सुरू करतानाच जिल्हा पातळीवर पदे निर्माण करणे, नियमित पर्यवेक्षण ठेवणे आणि माजी विद्यार्थ्यांना एकमेकांशी जोडून ठेवणे आवश्यक आहे. नव्या इमारतीपेक्षा त्याचा खर्च कमी असेल. पण उद्घाटनाची फीत त्यात नसते, हीच कदाचित अडचण आहे.

स्मृती हरपलेल्या माणसाला ओळखणारे कोणीतरी सतत जवळ लागते. त्याची काळजी घेणाऱ्याचीही गरज याहून वेगळी नाही. वर्षातून एकदा भरणाऱ्या स्नेहमेळाव्यावर ती सोपवून आरोग्ययंत्रणेला मोकळे होता येणार नाही.