माथ्यापूर्वीचे वळण

किराणा दुकानाच्या किल्ल्या मुलाच्या स्वाधीन करून, शिकागोनजीक स्थायिक झालेले एक मराठी दांपत्य जुलैच्या प्रारंभी स्वतःच्या मोटारीने रॉकी पर्वताकडे निघाले. तीस वर्षे हा प्रवास ‘पुढच्या उन्हाळ्यात’ म्हणून लांबत गेला होता. आता पत्नीचे गुडघे दुखत होते आणि पतीने रात्री मोटार चालविणे सोडले होते.

हिशेबाची सवय मात्र निवृत्त झाली नव्हती. ६२ वर्षे पूर्ण झालेल्या अमेरिकी नागरिकांना राष्ट्रीय उद्यानांचा आजीवन पास ८० डॉलरना मिळतो. एरवी या मोठ्या उद्यानांत एका मोटारीस ३५ डॉलर पडतात. तिसऱ्या प्रवेशद्वाराशी पासचे पैसे वसूल होतात, हे पतीने डोंगर दृष्टीस पडण्यापूर्वीच काढून ठेवले होते.

पहिला मुक्काम कोलोराडोतील एस्टेस पार्क येथे, सुमारे २,२९० मीटर उंचीवर पडला. तेथून ट्रेल रिज मार्ग ३,७१३ मीटरपर्यंत चढतो. शिकागोची उंची जेमतेम १८० मीटर. सपाटीवरील शरीराला विरळ हवेशी जुळवून घेण्यास काही दिवस द्यावे लागतात. यांनी एक रात्र दिली. झाडांची सीमा ओलांडताच पत्नीचे डोके ठणकू लागले, मळमळ सुरू झाली, बोलताना धाप लागू लागली.

“थोडेच उरले आहे. पाणी पी,” पती म्हणाले.

“अहो, तीस वर्षे थोडेच उरले आहे!”

पुढल्या थांब्यावर त्यांनी मोटार वळविली. अशा त्रासावर खाली उतरणे हाच खरा उपचार. एस्टेस पार्क येईतो पत्नीला बरे वाटू लागले. हाती घेतलेला सौदा अर्धवट सोडण्याची सवय नसलेले पती मात्र त्या संध्याकाळी फारसे बोलले नाहीत.

पुढे घाई उरली नाही. ग्रँड टीटनची शिखरे पायथ्याच्या टेकड्यांवाचून सपाटीतून एकदम वर उठतात. तेथे जेनी सरोवराच्या काठी त्यांनी अख्खा दिवस घालविला. १८७२ साली स्थापन झालेल्या यलोस्टोनमध्ये बायसनांचा कळप रस्त्यावर उभा राहिला, तेव्हा पाऊण तास मोटारीतच दशम्या आणि मेतकूट निघाले. खाद्यपदार्थ बाहेर ठेवण्यास तेथे सक्त मनाई आहे. माणसाच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल बहुधा जिवानिशी जाते. हा नियम पत्नीला मनापासून पटला. चौविहाराचीही चिंता नव्हती, कारण जुलैत मोंटानाच्या उत्तरेस सूर्य साडेनऊनंतर मावळतो.

तेथील ग्लेशियर उद्यानात गोइंग टू द सन हा १९३३ साली खुला झालेला घाटरस्ता आहे. त्यावरील लोगन खिंड २,०२६ मीटरवर, म्हणजे एस्टेस पार्कमधील त्यांच्या खोलीपेक्षाही खाली! हे कळताच पत्नी हसल्या. रस्ता कड्याला बिलगून जाणारा, अरुंद. चालविणाऱ्याने समोरच्या वळणाखेरीज काही पाहू नये असा. पतीने मोटार पायथ्याशी ठेवली आणि १९३०च्या दशकातील लाल बसगाडीत दोन आसने घेतली. गाडीचे कापडी छत मागे सारले गेले. १८५०च्या सुमारास येथे सुमारे ८० हिमनद्या होत्या, २०१५च्या मोजणीत २६ उरल्या, असे चालक सांगत होता. पतीने या वेळी वजाबाकी केली नाही. प्रवासात प्रथमच त्यांचे हात मोकळे होते, आणि पत्नी जिकडे बोट दाखवीत होत्या तिकडे ते पाहत होते.