बेंचवरचे पस्तीस दिवस

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने (टीसीएस) जुलै २०२५ मध्ये आपल्या सहा लाखांहून अधिक मनुष्यबळापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. कपात प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या फळीतील. टाटांची नोकरी म्हणजे निवृत्तीपर्यंतची निश्चिंती, ही मराठी मध्यमवर्गाची जुनी समजूत. तिला या घोषणेने तडा गेला. त्यामुळे मोठ्या आयटी कंपनीत मुलाने जावे की नाही, हा प्रश्न आता घरोघरी नव्याने विचारला जात आहे.

अशा कंपनीने जे दिले ते मात्र लहान नाही. अकोला किंवा नांदेडच्या महाविद्यालयातून स्थापत्य वा यंत्र अभियांत्रिकी शिकून बाहेर पडलेल्या, संगणकाशी जेमतेम ओळख असलेल्या मुलालाही तिथे प्रवेश मिळतो. इन्फोसिसचे म्हैसूर येथील प्रशिक्षण केंद्र ही तर एखाद्या विद्यापीठाला लाजवील अशी वास्तू. परदेशी ग्राहकाशी नेमके कसे बोलावे, पत्र कसे लिहावे, मुदतीत काम कसे संपवावे, हे लहान कंपनीत सहसा कोणी बसून शिकवत नाही. शिवाय आई-वडिलांसाठी आरोग्य विमा, वेळेवर पगार आणि कंपनीचे नाव ऐकताच सैल होणारा बँकेचा हात. पहिल्या पिढीतील पदवीधराला याचे मोल इतरांपेक्षा अधिक कळते.

किंमतही आहेच. या मोठ्या कंपन्यांत नवोदिताचा वार्षिक पगार दशकाहून अधिक काळ साडेतीन लाखांच्या आसपास घोटाळतो आहे. पुण्यातील घरभाडे मात्र तिथे थांबलेले नाही. काम आवडीनुसार नव्हे, गरजेनुसार मिळते. जावा शिकलेल्याच्या वाट्याला एखाद्या जुन्या बँकिंग प्रणालीची रात्रपाळीतील देखभाल येऊ शकते. सोडून जावे तर सूचनेची मुदत बहुधा नव्वद दिवसांची, आणि इतके थांबायला नवा मालक तयार होईलच असे नाही.

खरी मेख धंद्याच्या गणितात आहे. ग्राहक माणसांच्या कामाच्या तासांचे पैसे मोजतो, तेव्हा खाली स्वस्त नवोदितांची रुंद फळी आणि वर मोजके अनुभवी, अशा रचनेतच नफा वाढतो. दहा-पंधरा वर्षे झालेला माणूस दरम्यान प्रोग्रॅम लिहिणे सोडून तक्ते आणि बैठकांत रमलेला असतो. हीच बढती, असे त्याला सांगितलेले असते! एक प्रकल्प संपून दुसरा मिळेपर्यंत तो 'बेंच'वर बसला की पगार पूर्ण, उत्पन्न शून्य. टीसीएसने जून २०२५ मध्ये नियमच केला : वर्षात किमान २२५ दिवस ग्राहकाच्या कामावर आणि बेंचवर जास्तीत जास्त ३५ दिवस. पूर्वी याच बेंचवर बसून लोक नवे काही शिकत आणि पुढच्या प्रकल्पाची वाट पाहत. आता तिथे घड्याळ लागले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने कोड लिहिण्याचे नित्याचे काम हाती घेतल्यावर ही वाट आणखी अरुंद होणार, हे उघड आहे.

म्हणूनच पहिली चार-पाच वर्षे शिकण्यासाठी अशी कंपनी उत्तम. वीस वर्षांचे गृहकर्ज तिच्या भरवशावर काढणे वेगळे. चाळिशीत तिथून बाहेर पडणाऱ्यास कायद्याचा आधारही तोकडा आहे, कारण व्यवस्थापकीय काम करणाऱ्याला औद्योगिक कायदा कामगार मानत नाही. पुण्यात सुमारे अडीच हजार जणांकडून सक्तीने राजीनामे घेतल्याचा आरोप 'नाइट्स' या कर्मचारी संघटनेने २०२५ मध्ये केला. टीसीएसने तो फेटाळला. मात्र स्वतःच्या सहीचा राजीनामा एकदा दिला, की ती छाटणी होती हे सिद्ध करण्याचा भार कर्मचाऱ्यावरच येतो.